सातवा ठिपका

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुष्कळ वर्षं नखाशी काळं होतं. कसबा बावड्यात आमच्या गल्लीतल्या नळावर बायका ते बघून म्हणायच्या, "मशेरी लावतीस व्हय गं चोरून? आन् आमास्नी चिमूटभर बी देत न्हाईस?" मी हसायचे आणि घागर उचलून चालू लागायचे. खरं कारण सांगायचं तर केवढं बोलावं लागलं असतं! तो डाग चांदीच्या औषधाचा आहे, ते औषध काचेच्या पाटीवर फवारतात, धान्यात विष असेल तर पाटीवर काळा ठिपका उठतो, आणि पाटी धुताना माझी बोटंही काळी होतात. एवढं बोलण्यापेक्षा मी मशेरी कबूल केली.

मी लहानपणापासून बुजरी. शाहूवाडीकडच्या डोंगरात आमचं गाव. शाळेत गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असूनही घसा बंद व्हायचा. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाईट वाटलं, पण आता कुणी उभं करून विचारणार नाही म्हणून थोडं बरंही वाटलं. लग्न होऊन बावड्यात आले. हे साखर कारखान्यात हंगामी कामाला. घरात सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाई एकट्या दोन माणसांचं बोलायच्या, त्यामुळे माझं न बोलणं घरात कुणाला जाणवलंच नाही.

राजारामपुरीत एका साहेबांच्या घरी मी भांडी घासायला जायचे. साहेब कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त झालेले. एका दवाखान्याच्या मागं दोन खोल्या घेऊन त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. व्यापारी लोक शेंगपेंड, हळद, मिरची, गूळ असलं काय काय आणून द्यायचे. त्यात बुरशीचं विष आहे का, शेतातलं किंवा कोठारातलं औषध उतरलंय का, ते तपासून साहेब कागद द्यायचे. एकदा त्यांनी मला काचेचे कप विसळताना पाहिलं आणि म्हणाले, "बाई, या घरात तुमच्या हातून अजून एक कप फुटला नाही. माझ्या तिकडं दर आठवड्याला एक नळी फुटते. उद्यापासून तिकडं या."

पहिल्याच दिवशी मी तिथले सगळे चंबू आणि नळ्या नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं घासून आरशासारख्या केल्या. राख घरून चाळून नेली होती. साहेबांनी एक चंबू उजेडात धरला, खूश झाले, आणि मग त्यांना शेंडी दिसली.

"हे कशानं घासलंत?"

मी राखेचा डबा पुढं केला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, इथं राख बंद. राखेतसुद्धा दहा गोष्टी असतात. आपल्या हातून काही आत गेलं, तर तपासणीत तेच सापडेल. समजलं?"

मी मान हलवली. मान मी नेहमीच हलवायचे. ती हलवताना समजून घ्यायचीही असते, हे मला फार उशिरा कळलं.

साहेबांच्या हाताखाली एक ताई होती. बी.एस्सी. झालेली, लग्न ठरेपर्यंत वेळ बरा जावा म्हणून आलेली. तिला सगळं यायचं, फक्त पाटीवर लेप द्यायला जमायचं नाही. एक पांढरी पूड पाण्यात कालवून ती काचेच्या पाटीवर एकसारखी पातळ पसरायची असते. ताईच्या पाट्या वाळल्या की उन्हाळ्यातल्या तळ्यागत भेगाळायच्या. मी मागं उभी राहून नुसता हवेत हात फिरवत होते, ते तिनं पाहिलं. "मग करा की तुम्हीच!" म्हणाली. मी केलं. जन्मभर जमिनी सारवलेला हात तो, त्याला काय अवघड? साहेब पाटी बघून म्हणाले, "याला म्हणतात लेप." ताईनं मला चिमटा काढला. "मला पण शिकवा. सासरी सारवायला लावलं तर उपयोगी पडेल."

तेव्हापासून पाट्या माझ्याकडं आल्या. मालाचा अर्क काढून त्याचे बारीक ठिपके पाटीच्या खालच्या कडेला ओळीनं ठेवायचे. मग पाटी काचेच्या पेटीत पेट्रोलसारख्या वासाच्या पाण्यात उभी करायची. ते पाणी लेपातून हळूहळू वर चढतं आणि ठिपक्यातलं जे जे असेल ते आपापल्या उंचीपर्यंत घेऊन जातं. बुरशीचं विष असेल तर अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली ते निळं चमकायचं. कीटकनाशक असेल तर चांदीचं औषध फवारून त्याच दिव्याखाली धरलं की काळा डाग उठायचा. मला ते बघायला फार आवडायचं. कुणी न बोलता पाटी सगळं सांगून टाकायची.

आणि माझा एक चोरटा खेळ होता. माहेरी पाऊस चार-चार महिने हलत नाही. भात, नाचणी, कांबळी, सगळ्याला बुरशी लागते. कुठल्या पोत्यात आतून लागली आहे ते माझी आई तोंड न सोडता वासानं सांगायची, आणि ते नाक मला आलं होतं. माल आला की कुणी नसताना मी पिशवीचा वास घ्यायचे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं खूण करायचे. कुबट असेल तर गोल, चांगला असेल तर फुली. दोन दिवसांनी साहेबांचा दिवा तेच सांगायचा. मग मी मनातल्या मनात साहेबांना म्हणायचे, "उगंच एवढा खर्च केलासा." तोंडावर म्हणायची छाती कुठली!

एका पावसाळ्यात एक शेट आले. चहापत्ती आणि मसाल्याचे व्यापारी, अंगानं भरलेले, आवाज असा की दवाखान्यातले पेशंट दारातून डोकवायचे. त्यांनी टेबलावर तीन कापडी पिशव्या ठेवल्या. दोन सुतळीनं बांधलेल्या, तिसऱ्या पिशवीच्या तोंडावर लाखेचं सील.

"सायेब, ही कॉफी. कच्ची. माज्या इवायाच्या मळ्यातली, खाली कर्नाटकात डोंगरात हाय. धाकटी पोरगी दिलीया तितं. सा म्हयन्याची गरवार हाय, पयलं बाळातपण, फुडच्या म्हयन्यात आणायची हाय." एवढं एका दमात सांगून त्यांनी घाम पुसला. "मुंबईचा बेपारी म्हणतोय, परदेशात पाटवायची, बुरशी नको, औषिद नको, तसा कागद आणा. तवा तुमी कागद द्या."

"तपासून देईन," साहेब म्हणाले.

"तपासायचं काय त्यात? इवाई देवमाणूस हाय."

"देवमाणसाचीही तपासूनच देईन."

सील केलेली पिशवी राखीव. निकालावर वाद झाला तरच ती सगळ्यांसमोर फोडायची, अशी तिथली रीत. शेट गेल्यावर मी एक पिशवी सोडून बघितली. कॉफी म्हणजे काळी भुकटी, एवढंच मला माहीत होतं. हे दाणे हिरवट करडे, एका बाजूनं फुगीर, दुसरीकडं सपाट आणि मधोमध चीर. वास ओल्या गवताचा, हिरवा वाटाणा सोलताना येतो तसा. इकडं तिकडं बघून मी एक दाणा दाढेखाली धरला. दाणा फुटला नाही, दाढ तेवढी ठणकली. असल्या दगडापायी परदेशातली माणसं वेडी झालीत म्हणजे त्यांच्या घरी गूळ नसणार, असं म्हणून मी दारामागं तीन फुल्या ओढल्या. कुबटपणा नव्हता कुठंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना चार दिवस लेकीकडं सांगलीला जावं लागलं. निघताना ते माझ्याकडं वळले. "बाई, ताई दोन दिवस रजेवर आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत. त्या कॉफीला जपा. कीड, उंदीर, काही लागता कामा नये. तुमच्या भरवशावर ठेवून चाललोय."

भरवशावर! असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

साहेब गेले आणि मी सुतळीच्या दोन्ही पिशव्या सुपात ओतून निवडायला बसले. एका दाण्याला टाचणीनं पाडावं तसं बारीक भोक दिसलं. कीड! चार दिवसांत पिशवीचं पीठ होईल आणि साहेब म्हणतील, भरवसा ठेवला तो असा? मी काय करावं? आमच्या घरात पावसाळ्यात धान्याला जे करतात तेच मी केलं. आत्याबाईंच्या डब्यातली पावडर दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून आणली. सुपात दाणे पसरले, वरून पावडर भुरभुरली आणि लेकराच्या अंगाला पीठ लावावं तशी दोन्ही हातांनी मायेनं चोळली. मग पाखडून जास्तीची काढली आणि दाणे पिशव्यांत भरले. लाखेच्या पिशवीला हात लावला नाही, सील मोडलं तर साहेब रागावतील म्हणून. उरलेली पुडी माझ्या भाकरीच्या पिशवीत ठेवली, लागली तर पुन्हा. घरी जाताना मला इतकं समाधान वाटत होतं की बसमध्ये जागा मिळाली नाही तरी चाललं.

तुम्ही म्हणाल, बुरशीचा एवढा वास कळणारी बाई, तिला पावडरचा वास आला नाही? आला नाही. आमचं अख्खं घर त्याच वासाचं होतं.

साहेब आले. बुरशीची तपासणी झाली, दिव्याखाली काहीच चमकलं नाही. माझ्या फुल्या बरोबर आल्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी औषधाची पाटी लावली. सहा ठिपके: दोन पहिल्या पिशवीचे, दोन दुसरीचे, आणि पाचवा-सहावा साहेबांच्या बाटल्यांतल्या ठाऊक असलेल्या विषांचे, ताडून बघायला. दिव्याखाली पाटी धरली आणि पहिले चारही ठिपके असे काळे उठले की ताई म्हणाली, "अगं बाई!"

साहेबांनी शेटना निरोप धाडला. शेट पान चघळतच आले.

"काय सायेब, कागद तयार?"

साहेबांनी पाटी पुढं धरली. "हे चार डाग तुमच्या कॉफीचे. हा पाचवा माझ्या बाटलीतल्या बीएचसीचा. पाचही एका उंचीवर आहेत."

"मंग?"

"मग तुमच्या मालात कीटकनाशक आहे. आणि थोडंथोडकं नाही."

"बीएचसी म्हंजे ती पावडर? जोंधळ्याला लावत्यात ती?"

"तीच."

शेट ताडकन उठले. "सायेब, कॉफी म्हंजे काय जोंधळा हाय व्हय कणगीत घालून ठेवायला? तिला कोण पावडर लावंल? असलं येडं खुळं कोण असंल?"

ते येडं खुळं त्यांच्यापासून तीन हातांवर हातात चंबू घेऊन उभं होतं. बीएचसी हे नाव मी त्या खोलीत शंभरदा ऐकलं होतं. पण आमच्या घरात तिला फक्त पावडर म्हणायचे. टेबलावरच्या त्या पाचव्या ठिपक्याच्या बाटलीचं बूच उघडं होतं. मी पुसायचं निमित्त करून वाकले आणि नाकानं वास ओढला. आमची कणगी! आमचं घर!

शेट आता रडकुंडीला आले होते. "इवायानं घात केला माजा! तोंडानं म्हणतोय, औषिद शिवत न्हाय, आन् मागनं पावडर! सायेब, फोन हाय न्हवं? ट्रंक कॉल लावा. अर्जंट. आज त्याला तोंडावर सांगतो. पोरगीला उद्याच्या उद्या आणतो, बाळातपण करतो, पर परत त्या उंबऱ्यात घालणार न्हाय. सोयरीक मोडली!"

"अहो, शांत व्हा," साहेब म्हणाले.

"शांत कसा हूं? खोटं बोलणाऱ्या घरात लेक ठिवू?"

कॉल नोंदवला. जोडून मिळायला तास-दीड तास लागेल, असं एक्स्चेंजवाले म्हणाले. साहेब शेटना म्हणाले, "तोवर तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा पाटी लावतो. अर्क शिल्लक आहे. माझी चूक असेल तर दिसेल."

फोन वाजायच्या आत मी बोलायला हवं होतं. बोलले तर नोकरी जाणार, हे नक्की. भरवशावर ठेवलेल्या मालात विष घालणारी बाई कोण ठेवील? नाही बोलले तर एक गरोदर पोरगी माझ्या चिमूटभर पावडरीपायी माहेरी येऊन बसणार. आणि तो देवमाणूस बिचारा तिकडं डोंगरात कशात काही नसताना शिव्या खाणार.

मी पुढं झाले. घसा खाकरला. "सायेब..."

"चहा ना? हो, करा," साहेब पाटीवरून मान न उचलता म्हणाले. "शेटना साखर जास्त."

मी चहा केला. काय करणार? शेट बशीत ओतून फुर्रकन प्यायले, नवं पान तोंडात टाकलं आणि परत व्याह्याच्या सात पिढ्या काढू लागले. कपबशा उचलताना मी पुन्हा जोर केला. "शेट..."

"नको वयनी, आता च्या नको. पित्त झालंया."

मी मोरीत जाऊन उभी राहिले. चौथीतली मी आणि ही मी, काही फरक नव्हता. उत्तर येत होतं आणि घसा बंद होता. तेवढ्यात ताईनं हाक मारली, "बाई, पाटी आणा."

पाटी मी सकाळीच सारवून वाळवली होती. ती आणून दिली. ताईनं सहा ठिपके ठेवले आणि पेटीत भरायचं वासाचं पाणी आणायला आत गेली. साहेब शेटना समजावत दाराशी होते. पाटीच्या उजव्या कडेला बोटभर जागा मोकळी होती.

तेव्हा माझ्या हातांनी जे केलं ते मी ठरवून केलं असं सांगता येत नाही. भाकरीच्या पिशवीतून पुडी काढली. बारक्या नळीत चिमूट टाकली, त्यावर अर्क काढायच्या बाटलीतलं वासाचं पाणी, अंगठा लावून हलवलं. ताई कशी करते ते रोज बघत होतेच. केसासारखी बारीक काचेची नळी त्यात बुडवली आणि सहाव्या ठिपक्याच्या शेजारी सातवा ठिपका ठेवला. हात अजिबात हलला नाही. नळी धुऊन जागेवर ठेवली, आणि ताई आली तेव्हा मी फरशी पुसत होते. फरशी आधीच स्वच्छ होती.

पाटी पेटीत उभी राहिली. पाणी वर चढू लागलं. शेट फोनसमोर बसून होते, फोन वाजत नव्हता. मी पेटीसमोर बसून होते. पाणी किती हळू चढतं! एकदा वाटलं पाटी उचलावी आणि आपटावी. पण मी कधी काच फोडली नव्हती.

पाटी वाळली, चांदीचं औषध फवारलं, आणि साहेब नि ताई ती घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. मी दारात. त्याच वेळी फोन खणखणला.

"हालो! हालो! व्हय, मीच बोलतोय! कोल्हापुरातनं!" शेटना ट्रंक कॉलची गरज नव्हती, नुसतं खिडकीतून ओरडले असते तरी ऐकू गेलं असतं. "इवाई, तुमी मला..."

"हा सातवा ठिपका कुणाचा?" अंधारातून साहेबांचा आवाज आला.

"सर, मी सहाच लावले होते."

"मग हा आला कुठून? सगळ्यांत काळा आहे तो!"

मी म्हणाले, "माजा."

माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. पण बाहेर पडला तो पडलाच. मी टेबलावर पुडी ठेवली. "ही पावडर. मी चोळली कॉफीला. दाण्याला भोक दिसलं. कीड लागू नये म्हणून. तुमी म्हणलासा न्हवं, जपा."

साहेब पाटी हातात घेऊन दारात थिजले. ताईनं पदर तोंडात कोंबला. शेट फोन कानाला लावून आ वासून माझ्याकडं बघत होते, तोंडातलं पान दिसत होतं. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हालो? बोला की! काय झालंय?"

शेटनी पान गालात सारलं.

"काय न्हाय इवाई! सहज केलता! ... अर्जंट? व्हय, अर्जंटच! पोरगीचा आवाज ऐकावा म्हणलं! ... रडतोय? कोण रडतंय? पान ठसकलंय! ... कॉफी? कॉफी एक लंबर हाय! त्येच सांगायला केलता! तुमी देवमाणूस हायसा, एवढंच!"

फोन ठेवून ते खुर्चीत कोसळले आणि हसायला लागले. असे हसले की दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. "वयनी," डोळे पुसत म्हणाले, "आवं, जरा तोंड उघडलं असतंसा तर एक च्या वाचला असता की!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला आणि विचारलं, "ही तुमच्याकडं आली कुठून?"

"घरात असती. जोंधळ्याला लावतो."

"पेरायच्या?"

"खायच्या."

साहेबांनी पुडी पुन्हा नीट बांधली. "धुता का दळण्याआधी?"

"पाखडतो."

ते हळूच स्टुलावर बसले. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, "उद्या येताना घरचा मूठभर जोंधळा आणा."

मग लाखेची पिशवी सगळ्यांसमोर फोडली. साहेब दाणे मोजून घेणार तोच ताई म्हणाली, "सर, आधी बाईंना वास घेऊ द्या." आणि तिनं कपाटाचं दार उघडून मागचे खडूचे गोल आणि फुल्या दाखवल्या! तिला सगळं माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ती माझ्या खुणा आधी बघायची आणि मग साहेबांच्या निकालाशी ताडून बघायची. साहेब एकेक खूण वहीशी लावून बघत राहिले. शेवटी चष्मा काढून त्यांनी पिशवी माझ्यासमोर धरली. "सांगा."

मी वास घेतला. ओलं गवत, हिरवा वाटाणा. बाकी काही नाही. "चांगली हाय."

"आता मशिन कशाला पायजे?" शेट म्हणाले. "वयनीचं नाकच पाटवा की परदेशात!"

"नाकाला सही करता येत नाही," साहेब म्हणाले आणि पाटी मागितली.

त्या पिशवीची पाटी दुसऱ्या दिवशी निघाली. साहेबांच्या बाटल्यांचे दोन ठिपके सोडले तर माझ्या लेपासारखी पांढरीफेक. शेटना कागद मिळाला. पुढं पोरगीला मुलगा झाला तेव्हा ते पेढे आणि भाजलेल्या कॉफीची पुडी घेऊन आले. मी कॉफी करून बघितली. कडू जहर. आमच्या म्हशीनंही तोंड लावलं नसतं. पण सगळी प्याले.

मला कामावरून काढलं नाही. फक्त कपाटाच्या दारावर, माझे गोल जिथं होते तिथं, साहेबांनी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "या मालाची कोणीही काळजी घेऊ नये." चौथी शिकलेलीला वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम ठळक काढलं होतं.

आणि घरच्या मूठभर जोंधळ्याचा ठिपका? तो कॉफीच्या ठिपक्यांइतकाच काळा होता. त्या दिवशी माझ्या डब्यातली भाकरी मी तशीच परत आणली. संध्याकाळी आत्याबाईंना सांगून बघितलं. मी एवढं बोलतेय म्हणून त्या आधी घाबरल्या, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुज्या सायबाला म्हणावं, आमी इतकी वरसं खातोय, काय झालंय आमाला? पावडर न्हाय लावली तर किडं खाशील का?"

आत्याबाईंशी वाद घालायला तोंड लागतं. माझ्याकडं नव्हतं. मग मी न बोलता जे जमतं ते केलं. कणगीतल्या जोंधळ्यात उंदीर मुतलाय असं सांगितलं आणि सगळा जोंधळा चार पाण्यांत धुऊन उघडीप मिळेल तसा वाळवला. यांनी पोती उचलून दिली, एका शब्दानं विचारलं नाही. डब्यातली पावडर साहेबांकडं नेली, ती त्यांनी बाटलीत भरून कुलपात टाकली. रिकामा डबा घासून पुसून त्यात चुलीची राख भरली. तीनदा वस्त्रगाळ केलेली, प्रयोगशाळेनं नाकारलेली माझी राख. माझी आई धान्याला हीच लावायची. रंगात थोडा फरक होता. आत्याबाईंची नजर तशी अधू झाली होती, आणि डबा मी सांजच्या अंधुक उजेडातच पुढं करायचे.

त्या वर्षी जोंधळ्यात एक किडा निघाला नाही. आत्याबाईंनी नळावर जाहीर केलं, "औंदाची पावडर लई झ्याक आलीया. किडा न्हाय, आन् वास बी न्हाय बगा!" मग काय, गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन येऊ लागल्या. आत्याबाई आतून ओरडायच्या, "दे गं तिला वाटीभर!" मी द्यायचे. शेजारणीला दिली, तिच्या जावेला दिली, कोपऱ्यावरच्या घरात तर डबाच भरून दिला. दोन पावसाळे गल्लीच्या कणग्यांना माझी राख लागली, आणि मी एक शब्द बोलले नाही.

नळावर एकदा ती शेजारीण माझ्या काळ्या बोटांकडं बघून म्हणाली, "मशेरी देत न्हाईस ती न्हाईस, पर पावडर तरी मनापासनं देतीस गं बाई."

मी हसले आणि घागर उचलली.